झिंग्याची टरफलं

अंजनाबाईनं टोपली उकिरड्यावर उपडी केली, तशी तिची नात डिंपल हात पसरून धावली.

"आजी, थांब! टरफलं लागतात मले."

"आठ दिस सांभाळली. उद्या वरोऱ्याचे पाहुणे तुले पाहाले येतीन, अन् घरात हा झिंग्याचा वास! नागपूरले शिकाले धाडलं, तं पोरगी उकिरडा उपसून राह्यली."

डिंपल टरफलं वेचून पुन्हा टोपलीत भरू लागली. पाहुणे म्हणाले होते, लग्नानंतर शिक्षण नको. हरिदास, तिचा बाप, जाळ्याला गाठी मारत बसला होता. ह्या घरात होकार-नकार म्हातारीचा.

"याले कास्टिक सोड्याच्या कडक खारात उकळलं का याचा गुण बदलते, आजी. मंग ते आंबटात विरघळते."

"मले शिकवतं? सारा जलम झिंगे अंबाडीत शिजवले. टरफल कधी विरघळलं नाई."

"आधी खार घातला होता का?"

म्हातारीनं पदर सारखा केला.

डिंपलनं थर्मासमधल्या बर्फातून काचेची कुपी काढली. आतलं पाणी इकडून तिकडे सरकत होतं.

"हे असल्याच टरफलाचं, कालेजात केलेलं. मुठीत धर. औषध मिसळून जखमेत टोचाचं. अंगाच्या उबेनं आत घट्ट होते, औषध हळूहळू सोडते. पुरतं साधलं नाई अजून."

"ऊब लागली का तूप पातळ होते, बाई. घट्ट कोन होते?"

तरी तिनं मूठ मिटली. मिटल्या मुठीनंच हरिदासला हुकूम सोडत राहिली : अंगण सारव, सतरंजी झटक, शेजारच्या सीतेकडून कपबशा आण. बऱ्याच वेळानं मूठ उघडली. कुपी उलटी धरली. हलवली. आतलं काहीच सरकेना.

"आता थंड केलं का पातळ होईन?"

"नाई."

म्हातारीनं कुपी कमरेला खोचली आणि चुलीकडं गेली.

सकाळी हरिदास धुतलेला सदरा घालून एसटीच्या फाट्याकडं निघाला, तेव्हा चूल थंड होती. अंजनाबाईचा आवाज ढिवर मोहल्ल्याच्या पार टोकाकडून येत होता.

"कोनी टरफल फेकलं तं याद राखा!"

"माय, पाहुणे येतीन ना!" हरिदास धावत तिच्यापाशी गेला.

"ते निघाच्या आधी फोन लाव त्याइले. म्हनाव, पोरीचं शिक्षन होऊ द्याचं असन तं या."

"अन् नाई आले तं?"

तिनं डोईवरची टरफलांची टोपली त्याच्या हातात दिली.

"हे घरी ठेव आधी. सीतेच्या दारात अजून एक भरून हाय."