भिकनआप्पांची यंदाची यादी

मित्रांनो, स्पीकरने स्वतःविषयी हळू आवाजात बोलावे असे माझे मत आहे. ते मला जरा उशिरा सुचले, एवढेच. मी लाकडी पेटीचा एक जुना स्पीकर आहे आणि सुरतेत, पांडेसऱ्याला, भिकनआप्पांच्या ओट्यावर राहतो. माझी पेटी कतारगामच्या एका सुताराने देव्हाऱ्यासाठी म्हणून बनवली होती. गिऱ्हाईक परत फिरकले नाही, तेव्हा देवाच्या जागी त्याने मला बसवले. त्या दिवसापासून मला थोडा भाव खायची सवय लागली, ती अजून आहे.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. तीस वर्षे त्यांनी कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात काढली, म्हणजे खटखटाटातच काढली. अशा कामावरून सुटल्यावर शहाणी माणसे शांतता शोधतात. आप्पा घरी येऊन मला लावत. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, सीडी गेल्या. मग मोबाइलच्या दुकानवाल्या गजेंद्रने माझ्या पोटात मेमरी कार्डाची खाच बसवली. गाणी बदलली तरी आप्पा बदलले नाहीत.

दर वर्षाच्या शेवटच्या रविवारी ते वर्षातले पाच सर्वांत चांगले आल्बम जाहीर करतात. बावीस वर्षे झाली. गजेंद्रच्या दुकानात ती यादी पाटीवर लागते आणि आपली खानदेशी मंडळी त्याच आल्बमांनी कार्ड भरून गावी लग्नाला जातात. आपल्या वरातीत काय वाजायचे हे पांडेसऱ्यात ठरले आहे, याची बिचाऱ्या नवरदेवाला कल्पना नसते.

आता दुःखाची गोष्ट सांगतो. आप्पांना ऐकू येईनासे झाले होते आणि हे कोणालाच ठाऊक नव्हते. लूमवर शेजाऱ्याचे बोलणे कानावर पडत नाही, म्हणून तिथली माणसे ओठ पाहून बोलणे ओळखतात. आप्पा त्यात पटाईत. समोरच्याच्या तोंडाकडे बघत ते बरोबर उत्तरे देत आणि घरच्यांना वाटे, म्हातारा किती लक्ष देऊन ऐकतो. त्यांची लबाडी एका माझ्यापुढे चालत नसे, कारण मला ओठ नाहीत. ते माझा आवाज रोज थोडा वाढवत गेले. मला मात्र वाटले, माझी कीर्ती वाढते आहे.

यंदा शेवटच्या रविवारच्या आधीच्या रविवारी ओट्यावर पाचसहा जण जमले होते. आप्पांनी डोळे मिटले. दर्दी माणसाला डोळे मिटायचा मोह होतोच. तेवढ्यात सून सोनाली ओटा झाडत आली, झाडू माझ्या वायरीत अडकला आणि मी बंद पडलो.

आप्पा मान डोलवतच राहिले. "ढोलकी बघा," ते म्हणाले. "कशी बोलते आहे."

"आप्पा, ढोलकी घरी गेली," गजेंद्र म्हणाला.

सगळे हसले. आप्पांचे डोळे मिटलेलेच होते, म्हणून त्यांना ते हसणेही कळले नाही. सोनालीने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, लोकांची तोंडे पाहिली, खाली पडलेली वायर पाहिली.

"यंदा तुम्ही आराम करा, आप्पा," गजेंद्र म्हणाला. "यादी मी लावतो. कोणता आल्बम किती जणांनी पाहिला ते मोबाइलवर दिसतंच. 'हायवेची वरात' पहिला."

"पाहिला?" आप्पा म्हणाले. "आल्बम ऐकायचा असतो. रविवारी ये. यादी मी देईन."

दुसऱ्याच दिवशी सोनालीने त्यांना डॉक्टरकडे नेले. लूमच्या आवाजाने कान खाल्ले होते. यंत्र बसवता येईल, पण ते यायला महिना लागेल. रविवार सहा दिवसांवर होता.

घरी येताच आप्पांनी माझी जाळी काढली आणि तळहात माझ्या आतल्या थरथरत्या कागदावर ठेवला. मित्रांनो, त्या कागदाला तोवर धुळीशिवाय कोणी शिवले नव्हते. ताल त्यांना तळहाताने कळला. शब्द काही कळेनात. मग त्यांनी बायकोला, सुंदराबाईंना, समोर बसायला सांगितले.

"मी गाऊ? माझा आवाज म्हणजे फुटकी घागर."

"तुना आवाज कोन ऐकस?" आप्पा म्हणाले. "नुसते ओठ हलव."

"चाळीस वर्षं ओठच हलवते आहे. तेव्हा कधी इतकं तोंडाकडे पाहिलं नाही तुम्ही."

बोलल्या आणि बसल्या. मी वाजे, त्या एक ओळ मागून ओठ हलवत, आप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत आणि तळहात माझ्यावर ठेवत. कुठे शब्द निसटला की पुन्हा पहिल्यापासून. रोज तीन तास. दोघांपैकी कोणीही दमलो म्हटले नाही. माझा कागद दमला होता, पण मला कोणी विचारले नाही.

'हायवेची वरात' लावल्यावर सुंदराबाईंनी दुसऱ्या गाण्यालाच तोंड मिटले. "हे मी म्हणणार नाही. सून आत भाकरी करते आहे." लाखो लोकांनी पाहिलेला आल्बम असा एका भाकरीपायी यादीतून गेला.

रविवारी गजेंद्र पाटी आणि खडू घेऊनच आला. आप्पांनी चार नावे दिली. पाचवे यंदा नाही, म्हणाले. पहिला नंबर 'खापरावरचा मांडा'.

गजेंद्र त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि सावकाश म्हणाला, "आप्पा, खरं सांगा. ऐकू येत नसताना पहिला नंबर काढला कसा?"

"बाकीचे तीन हिने मला नीट सांगितले," आप्पा म्हणाले. "हा सांगता सांगता ही मला विसरली. भिंतीकडे तोंड करून स्वतःशीच गात बसली. शेवटची दोन गाणी मला कळलीच नाहीत. लिही, पहिला."

सुंदराबाई आत निघून गेल्या. गजेंद्रने लिहिले.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. माझा कागद फाटला तर नवा मिळतो, कानाला तशी सोय नाही. तेव्हा माझा आवाज जरा कमी ठेवा, आणि घरातले कोणी लूमवर जात असेल तर त्याच्या कानात आवाज अडवणारी बुचे घालूनच त्याला धाडा. एवढे करूनही एखाद्याला ऐकू येईनासे झालेच, तर त्याच्यावर ओरडू नका. ओरडणे हा माझा धंदा आहे, आणि त्याचा आप्पांना काडीचा उपयोग झाला नाही. त्याच्यासमोर जाऊन बसा, तोंडावर उजेड पडेल असे.