तीन तासांची वाट

ज्ञानोबा दूध संस्थेचा जुना माणूस. तीस वर्षं गावोगावचे कॅन गोळा करून पाटोद्याच्या शीतकरण केंद्रात पोचवले आणि एकदाही दूध नासू दिलं नाही, हे तो स्वतःच सांगायचा. दुसऱ्या कुणाला सांगायची संधीच द्यायचा नाही. संस्थेच्या तक्त्यावर प्रत्येक वाटेपुढं किलोमीटर आणि वेळ लिहिलेली असे. वेळ लिहिली म्हणजे त्या वाटेनं गाडी जाते, यात त्याला कधी शंका आली नव्हती.

त्या दुष्काळी मे महिन्यात जनावरं चारा छावणीत होती, दूध आटलं होतं, आणि एका पहाटे त्याची बायको जाईबाई गेली. "शेवटचं पाणी सत्याच्या हातचं पडू द्या," एवढंच मागून गेली. सत्या म्हणजे सत्यभामा, एकुलती एक लेक, दूर ईशान्येकडं दिमापूरला दवाखान्यात नर्स. फोनवर ती रडत म्हणाली, "आण्णा, निघते. मिळंल त्या विमानानं येते. आईला बघू द्या मला." मग तिचा फोन बंद लागू लागला.

संस्थेचे चेअरमन तात्याबा ओट्यावर येऊन बसले होते. त्यांनी मोबाइलवर शोधलं. दिमापूर ते औरंगाबाद दोन हजार किलोमीटर, विमानाला तीन तास. ज्ञानोबाला हायसं वाटलं. सातला निघाली तर दहाला औरंगाबाद, पुढं जीपचे चार तास.

"दोनला दारात," तो म्हणाला.

"तरी केंद्रातून बर्फ आणू का?" तात्याबांनी विचारलं. "टेम्पो आत्ता चाललाय. आता दिवसाला एकच खेप हाय."

"कावून? दोनपर्यंत काय होतंय? गावात टँकर चार दिवसांनी येतोय, अन् मी बर्फाच्या लाद्या मागू?"

टेम्पो गेला. शेवटच्या पाण्यासाठी ज्ञानोबानं तांब्या भरून जाईबाईच्या उशाशी झाकून ठेवला.

दोन वाजले, तीन वाजले. बायकांनी पदर नाकाला लावले. सव्वाचारला फोन आला.

"आण्णा, मी कलकत्त्याला हाय. मुंबईचं विमान रात्री हाय. उद्या दुपारी पोचते."

"तीन तासांची वाट हाय की गं!"

"त्या वाटेनं विमानच न्हाई, आण्णा. बर्फ घाला, पण आईला ठेवा."

केंद्राला आता कुलूप लागलं होतं. तात्याबा हळूच म्हणाले, "ज्ञानोबा, न्हाई थांबता येत."

"बरं," तो म्हणाला. त्यानं स्वतःच्याच हातानं जाईबाईच्या तोंडात पाणी घातलं. रडू आलं नाही. आत काहीच हालत नव्हतं, याचंच त्याला लई भय वाटलं.

संध्याकाळीच अंत्यविधी उरकला. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यभामा आली. रिकाम्या जागेकडं बघत तिनं विचारलं, "बर्फ मिळाला न्हाई का?"

दुष्काळात 'न्हाई' म्हटलं असतं, तर कुणालाही पटलं असतं. तात्याबा मान डोलवायला तयारच होते.

"मिळत व्हता," ज्ञानोबा म्हणाला. "मीच नको म्हणलं."

ती तिथंच जमिनीवर बसली. मग तिनं पाणी मागितलं. टँकर उद्या येणार होता. घरात जाईबाईच्या उशाचं अर्धा तांब्या पाणी तेवढं उरलं होतं. तेच त्यानं पुढं केलं. ती ते घटाघटा प्यायली. तांब्या घ्यायला त्यानं हात पुढं केला, तर तिनं तांब्या त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवला.