गोवर्धनचा एक्स-रे

भातकुलीजवळच्या त्या गावात गोवर्धनइतका निलाजरा माणूस दुसरा नव्हता. मळ्यातली वांगी त्याची बायको पार्बताबाई तोडायची, डालं डोक्यावर घेऊन एसटीनं अमरावतीच्या बाजारात तीच न्यायची, आणि हा पानठेल्यावर बसून नापिकीवर भाषणं ठोकायचा. नापिकीची वर्षं होतीच. सोसली मात्र तिनं.

पुढं तिची कंबर धरली. डावा पाय बधिर व्हायचा.

"नाटकं करून राहिली," गोवर्धन म्हणायचा.

शेवटी बाजार आटोपून ती एकटीच हाडांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी एक्स-रे काढून दाखवला. कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढं सरकला होता. "बाई, आता ओझं बंद," ते म्हणाले.

घरी गोवर्धननं तिला "बस" असंसुद्धा म्हटलं नाही. फिल्म तेवढी ठेवून घेतली.

लवकरच ग्रामपंचायतीत शिबिर भरलं. कष्टानं अधू झालेल्या शेतकऱ्यांना एक संस्था तीनचाकी सायकली देणार होती. गोवर्धननं फिल्मवरचा नावाचा कोपरा कात्रीनं कापला आणि कण्हत रांगेत उभा राहिला. बायकांत बसलेल्या पार्बताबाईनं फिल्म ओळखली. तिला वाटलं, आपल्यासाठीच उभा आहे.

"मॅडम, वावरात राबून माहा मणका सरकला," तो अकोल्याहून आलेल्या डॉक्टर जेबांना म्हणाला.

जेबांनी फिल्म उजेडाकडे धरली. ओटीपोटात इंग्रजी टी अक्षरासारखं काहीतरी पांढरंशुभ्र चमकत होतं.

"भाऊ, ही तांबी तुम्ही कधी बसवून घेतली?"

आधी बायका हसल्या. गोवर्धन "कोनती तांबी?" विचारत राहिला, तेव्हा पानठेलेवाला नत्थुजी ओरडला, "अबे, लेकरू होऊ नाही म्हनून बाया बसवतात ते!"

सारं शिबिर खदखदा हसलं. पार्बताबाई हसली नाही. कंबर धरत उठली, पुढं आली. "मॅडम, तो फोटो माहा हाये."

जेबांनी तिला तपासलं, कंबरपट्टा बांधून दिला.

बाहेर गोवर्धन तडकला, "चारचौघांत माही इज्जत घालवली तू!"

तिनं त्याच्याकडे किडक्या वांग्याकडे बघावं तसं बघितलं. "होती कुठी? उद्यापासून डालं तुमी उचला. नाही तं सडू द्या."

काही दिवस वांगी खरंच झाडावर सडली. मग घरात चूल पेटेना, तेव्हा गोवर्धननं मुकाट्यानं डालं उचललं. पार्बताबाईचा मणका काही जागेवर आला नाही, पण पट्ट्यानं आणि आरामानं दुखणं उतरलं. ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते. तेवढंही त्याला जास्तच आहे.