कोरडा उजवा

शांतव्वानं नातवाच्या डाव्या ग्लोव्हवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला व्हॅसलीन आलं, मघाशी लढतीआधी समोरच्या रिजवाननं तोंडाला चोपडलं होतं ते. मग तिनं उजवा ग्लोव्ह हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, पदराचं टोक त्यावर घासलं. पदर कोरडाच राहिला.

"ही कसली वागायची रीत म्हणायची?" ती म्हणाली. "पावणा हुबळीवरनं तुमची लढत बघाय आलाय, आणि तू एक हात घरात ठेवून आलास व्हय रं जया?"

मृत्युंजय बाकावर बसून बोटांच्या पट्ट्या सोडत होता. त्याचा डावा डोळा सुजून बारीक झाला होता आणि ओठ फुटला होता.

"हात दुखतोय, आज्जी."

"कवाधरनं?"

"सकाळधरनं."

"सकाळी दुधाचा भरलेला कॅन एका दमात गाडीवर चढीवलास की. त्यो काय डाव्या हातानं?"

त्यानं पट्टी गुंडाळायला घेतली. हे पोरगं बोलायचं थांबलं की काहीतरी दडवतंय, हे तिला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक होतं.

तालमीच्या मागं पत्र्याची शेड होती आणि तिथं पिराजी वस्तादांनी दोर बांधून रिंग केलेली. कुस्तीच्या गावात ही ठोसे मारायची नवी थेरं कशाला, म्हणून शांतव्वा पहिल्यांदा मनसोक्त हसली होती. शेजारच्या धोंडुबाईच्या ओट्यावर बसून तिनं वस्तादांची नक्कलसुद्धा केली होती. पण नातवानं मनावर घेतलंय म्हटल्यावर तिनं हसणं बंद केलं आणि दुधाचा तांब्या घेऊन रोज यायला लागली. गाद्या भरणाऱ्या अमीरबीचा रिजवान तिथंच यायचा. जड वजनाची पोरं ही दोनच, त्यामुळं एकमेकांशिवाय त्यांना जोड नव्हती. शांतव्वाच्या म्हशींचं दूध दोघांनी सारखंच प्यायलं होतं. "एकाच्या अंगात माझं रगात हाय, पर दूध दोघांच्याबी अंगात माझंच," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

आज दोघांतला एकच निवडला जाणार होता. शिवकुमार नावाचा हा पाहुणा हौशी खेळातली पोरं पारखून आफ्रिकेत पैशासाठी लढायला पाठवायचा. आल्या आल्या त्यानं पोरांना तोंड उघडायला लावलं होतं, जबडा चाचपला होता, पापण्या वर करून डोळे पाहिले होते. वडगावच्या बाजारात म्हैस घेणारे एवढं तरी बघतातच, म्हणून शांतव्वानं ते चालवून घेतलं. मग तीन राउंड झाले. रिजवान पुढं-मागं नाचत ठोसे मारत राहिला आणि मृत्युंजय ते खात राहिला. पडला मात्र नाही. कोण जिंकला हे विचारायची गरजच नव्हती.

शिवकुमार मोबाइलवर कुणाशी तरी बोलून शेडमध्ये परत आला. उंच, रुंद माणूस, नाकाचं हाड केव्हातरी मोडून एका अंगाला बसलेलं. त्यानं वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मृत्युंजयकडं बोट केलं.

"हा चालेल. पासपोर्टचं बघू या."

वस्तादांच्या हातातली शिट्टी तशीच राहिली. दोराला टेकून उभ्या असलेल्या रिजवाननं टॉवेल तोंडावर घेतला. आणि मृत्युंजय, ज्याच्या नशिबानं एवढी उडी घेतली होती, तो पाहुण्याकडं असा बघत राहिला की जणू कुणी त्याच्या घरावर जप्तीच आणलीय.

"साहेब, त्यो जिंकला," तो म्हणाला. "मी न्हवं."

"बघितलं मी."

शांतव्वानं पदर सारखा केला. नातू इमानात बसणार. धोंडुबाईला हे कुठल्या शब्दांत सांगायचं, याची जुळवाजुळव तिच्या मनात क्षणभर झालीसुद्धा. पण हयात तालमीच्या शेजारी गेलेली ही बाई. हरलेल्या पैलवानाला आधार देतात, पाणी देतात, फेटा कुणी बांधत नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि पाहुण्यासमोर जाऊन उभी राहिली.

"याव ऊरप्पा निंदु?" ठाऊक असूनही तिनं त्याला गाव विचारलं.

कानडी ऐकून शिवकुमार चमकला. "हुब्बळ्ळी, अव्वा. तुम्हाला कानडी येतं?"

"माहेर संकेश्वरचं माझं. बस."

तो बसला, तीही समोर टेकली. पुढचं दोघं कानडीतच बोलले. वस्ताद आणि रिजवान नुसते तोंडाकडं बघत राहिले. मृत्युंजयला कानडी अर्धमुर्धं कळायचं, म्हणून तो मान खाली घालून ऐकत होता.

"हरलेलं पोर कशाला नेतोस?" तिनं विचारलं.

"ताकद आहे त्याच्यात, अव्वा."

"ताकद रेड्यातबी असती. खरं सांग. तुझ्या आईनं विचारलं असतं तर जे सांगितलं असतंस ते सांग."

शिवकुमारनं मोडक्या नाकावरून बोट फिरवलं.

"तिकडं जिंकणारे त्यांचे स्वतःचे आहेत," तो म्हणाला. "त्यांना समोर उभा राहणारा लागतो. दांडग्या अंगाचा, लवकर न पडणारा, पण उलट जोरात न मारणारा. लोकांना वाटलं पाहिजे की झुंज झाली. तुमचा नातू तसा आहे."

"म्हणजे त्यांच्या पैलवानाचा खुराक."

त्यानं मान डोलावली.

"आणि रिजवान?"

"तो जिंकेल. जिंकणाऱ्या पाहुण्याला दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही. मीसुद्धा तीन वर्षं तिकडं उभा राहिलोय, अव्वा. पैसे मिळतात. खोटं नाही."

शांतव्वा उठली. तिला राग आला होता, पण पाहुण्याचा नाही. ती बाकापाशी आली आणि सगळ्यांना कळेल अशा मराठीत बोलली.

"जया, रिजवानला सांग तू काय केलंस."

"आज्जी, ऱ्हाऊ दे की."

"तू सांगणार का मी सांगू?"

तो रिजवानकडं न बघताच म्हणाला, "मला म्हशी हायत. उद्या हे सुटलं तर गोठा हाय. त्याला काय हाय? भरतीचं वयबी गेलं त्याचं. म्हटलं, जाऊ दे त्यालाच."

रिजवाननं तोंडावरचा टॉवेल काढला.

"म्हंजे तू लढत सोडलीस? मला?"

"तसं न्हवं रं."

"मग कसं?" रिजवान जवळ आला. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी मघाशी घरी कुणाला तरी पाठवायच्या बेतात हुतो. अम्मीला सांगाय, की जिंकलो म्हणून. काय सांगणार हुतो मी तिला?"

मृत्युंजयनं पट्टीची गुंडाळी बाकावर ठेवली.

"वस्ताद," शांतव्वा म्हणाली, "परत लावा."

"आक्का, दमल्यात पोरं. डोळा बघा की त्याचा."

"डोळा त्याचा त्यानं फुकट घालीवलाय. लावा. आणि पावणं, तुमी जाऊ नका. चहा येतोय."

शिवकुमारनं घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि बसून राहिला.

वस्तादांनी मृत्युंजयला पुन्हा ग्लोव्ह चढवले. रिजवाननं स्वतःचे स्वतःच घातले, दातांनी नाड्या ओढल्या. रिंगमध्ये आल्यावर त्यानं मृत्युंजयच्या छातीवर पहिला ठोसा मारला तो खेळातला नव्हताच. "मार," तो म्हणाला. "उजवा मार. न्हाय मारलास तर आजपास्नं तुझी वाट निराळी, माझी निराळी."

पहिल्या राउंडभर मृत्युंजयचा उजवा हनुवटीपाशीच अडून राहिला. दोराबाहेर उभी राहून शांतव्वा ओरडली नाही. तिनं फक्त दोर मुठीत धरला होता आणि तो इतका ताणला होता की वस्तादांनी दोनदा तिच्याकडं पाहिलं. दुसऱ्या राउंडमध्ये रिजवाननं त्याच्या फुटक्या ओठावर नेमका मारला आणि मृत्युंजयचा उजवा सुटला. आवाज पत्र्यावर आपटून परत आला. रिजवान एका गुडघ्यावर बसला, मान झटकली, वस्तादांचे दहा आकडे मोजून व्हायच्या आत उठला. उठताना तो हसत होता, रक्तानं दात लाल झाले होते.

त्यानंतर जे झालं ते पाहायला तालमीतली पोरं आखाडा सोडून शेडच्या दारात गोळा झाली. दोघांनी एकमेकांना काही शिल्लक ठेवलं नाही. मृत्युंजय आता खरोखर मारत होता, खरोखर वाट शोधत होता, आणि तरी रिजवान त्याच्या एक पाऊल आधी तिथं असायचा. शेवटच्या राउंडला रिजवान डावीकडं झुकला आणि फासळ्यांखाली असा घुसला की मृत्युंजय श्वास शोधत जमिनीवर बसला. या वेळी तो आकडे संपेपर्यंत उठला नाही. उठायचा प्रयत्न मात्र त्यानं दोन्ही हात टेकून केला.

चहा आला होता. शिवकुमारनं उभ्याउभ्याच कप रिकामा केला.

"अव्वा, आता पंचाईत केलीत," तो कानडीत म्हणाला. "एक मारतो, दुसरा जिंकतो. यातला एकही माझ्या कामाचा राहिला नाही."

"मग जेवून जा," ती म्हणाली. "भाकरी गरम असतील."

तो मान हलवून हसला आणि जेवायला मात्र थांबला नाही. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो आवाजही गल्लीच्या तोंडाशी विरला. आफ्रिका त्याच्याबरोबर गेली, हे शेडमधल्या प्रत्येकाला कळत होतं. वस्ताद कोपऱ्यात जाऊन उगाच दोर सैल करत बसले. रिजवान रिंगमध्येच मृत्युंजयच्या शेजारी टेकला. दोघांचेही खांदे वरखाली होत होते आणि दोघांतलं कुणीही दुसऱ्याकडं बघत नव्हतं. मग रिजवाननं मृत्युंजयच्या ग्लोव्हची नाडी दातांनी सोडायला घेतली.

शांतव्वा दोराखालून वाकून आत आली. मृत्युंजयनं सुजला डोळा वर केला.

"आज्जी, दोघांचंबी गेलं," तो म्हणाला. "माझ्यापायी."

तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि फुटलेल्या ओठाकडं नीट पाहिलं.

"मघाशी तू नुसता मार खाल्लास," ती म्हणाली. "आत्ता हरलास."