तिसरा अमेरिकन

मंगळवार, ११ नोव्हेंबर २००८. दुपारी पावणेपाच वाजता, अंधार पडत असताना, एडिसनमधल्या देवपुजारींच्या घराची बेल वाजली. दारात त्यांचा मुलगा ऋषी उभा होता. खांद्यावर एकच बॅग, अंगात क्लबचं निळं जॅकेट. लक्झेंबर्गमध्ये बास्केटबॉलचा सीझन ऐन भरात होता आणि तो येणार असल्याचं कोणालाही माहीत नव्हतं.

दार आईने, सुनेत्राबाईंनी, उघडलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाय मोडला का?"

"नाही."

"हात?"

"आई, मी ठीक आहे. एअरपोर्टवरून ट्रेनने आलो. आत येऊ?"

तेवढ्यात मनोहर जिन्यावरून अर्धे खाली आले होते. "काढून टाकलं का तुला?"

"नाही बाबा. अजून नाही."

त्या 'अजून'वर पुढचे दोन दिवस गेले.

ऋषीचा जन्म न्यू जर्सीचाच. वय अठ्ठावीस, उंची सहा फूट चार इंच. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात तो चांगला खेळायचा, पण अमेरिकेत त्या खेळावर पोट भरण्याइतका चांगला नव्हता. २००२ साली एका एजंटने त्याला लक्झेंबर्गला पाठवलं. देश एवढा लहान की न्यू जर्सीत आठ वेळा मावेल. तिथल्या क्लबांची एक रीत आहे. संघातली बाकीची मुलं दिवसा बँकेत, पोस्टात, नगरपालिकेत नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. खेळण्याचा पूर्ण पगार मिळतो तो फक्त बाहेरून आणलेल्या दोन अमेरिकनांना. त्यांना फ्लॅट मिळतो आणि गाडीही मिळते. ऋषीच्या गाडीवर गावातल्या बेकरीचं नाव रंगवलेलं होतं. बदल्यात त्यांनी सामन्यात गुण करायचे आणि दुपारी गावातल्या लहान मुलांना शिकवायचं. सामन्यात अमेरिकन दोनच उतरवता येतात. तिसऱ्याला नियमाने जागा नाही.

त्या दोघांतला एक म्हणून ऋषी सहा सीझन टिकला. बहुतेकांना एक सीझनही पुरतो. सातव्याच्या आधी क्लबने दोन नवे, तरुण अमेरिकन घेतले आणि ऋषीलाही ठेवलं. कारण तोवर तो लक्झेंबर्गचा नागरिक होईल आणि स्थानिक म्हणून खेळेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. अर्ज केलेला होता. तो मंजूर होण्यात एकच गोष्ट उरली होती. तिथल्या कायद्याप्रमाणे आधीचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यायचा होता.

हे सगळं त्याने मंगळवारी जेवताना सांगितलं. सुनेत्राबाईंनी पोळी वाढायचं थांबवलं नाही. मनोहर जेवायचे थांबले.

"आधीचं म्हणजे अमेरिकन?"

"माझ्याकडे दुसरं कुठलं आहे?"

"आणि सप्टेंबरपासून तू काय करतोयस तिथे?"

"प्रॅक्टिस. मॅचच्या दिवशी सूट घालून बेंचच्या मागे बसतो. मागच्या आठवड्यात एम्बसीत गेलो होतो. तिथली बाई चांगली होती. फॉर्म पुढे सरकवला नाही. म्हणाली, हे परत मिळत नाही. घरी जा, विचार करा, सतरा तारखेला, सोमवारी या. म्हणून घरी आलो."

"तिला तुझं तिथलं घर म्हणायचं होतं, गाढवा," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"आय नो, आई."

बुधवारी संध्याकाळी श्रीराम आले. त्यांना बोलावलं कोणी, यावर घरात एकमत नाही. श्रीराम म्हणजे मनोहरांचे जुने मित्र. इमिग्रेशनच्या बाबतीत ओक ट्री रोडच्या आजूबाजूची अर्धी मराठी माणसं वकिलाच्या आधी त्यांना फोन करतात. ते कोट न काढताच सोफ्यावर बसले.

"ऋषी, बस. ऐक. पहिला रूल, कुठलाही पासपोर्ट सरेंडर करायचा नाही. दोन ठेवता आले असते तर मी चार ठेवले असते. आणि जानेवारीपासून त्यांचा नवा कायदा येतोय, दोन्ही ठेवता येतात. नेटवर वाचूनच आलोय. म्हणजे प्रॉब्लेमच नाही यार. दीड महिना गप्प बस."

"काका, नव्या कायद्यात सात वर्षं राहायला लागतं. जुन्यात पाच होती. मला सहा झाली."

"मग एक वर्ष थांब."

"कुठे थांबू? जानेवारीपर्यंत मी लोकल झालो नाही तर क्लब मला सोडणार. क्लब नाही तर परमिट नाही. परमिट नाही तर ते सातवं वर्ष मोजत नाहीत."

श्रीराम बोटांवर वर्षं मोजू लागले. मनोहरांना मात्र हे गणित लगेच कळलं. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की रांगेतला नंबर जातो, या धास्तीत त्यांनी या देशात अकरा वर्षं काढली होती. आपला मुलगा इथे जन्मला म्हणजे त्याला यातलं काही भोगावं लागणार नाही, असं त्यांनी धरलं होतं.

"समजा सोडलं," श्रीराम पुन्हा सुरू झाले. "उद्या गुडघा गेला. मग? अख्ख्या देशात नागपूरच्या पाव माणसं नाहीत. तिथे काय करणार तू, त्या बेकरीची गाडी चालवणार?"

"चालवेन."

"आणि आईला भेटायला कसा येणार? टुरिस्ट म्हणून?"

सुनेत्राबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. श्रीराम यांनाही ते बोलून झाल्यावर जड गेलं असावं, कारण त्यांनी चहा मागितला. ते चहा पीत नाहीत.

ते गेल्यावर मनोहर मुलाच्या समोर बसले. "मला सरळ सांग. तुला काय करायचंय?"

"माहीत नाही. मी विचार करायला आलोय, तर प्रत्येक जण विचारतो विचार झाला का."

"इथे ये. कोचिंग कर. हायस्कूलमध्ये तुला कोणीही घेईल."

"बाबा, तिथे रस्त्यावर मला लोक थांबवतात. शनिवारी का हरलात म्हणून भांडतात. बारा वर्षांखालच्या मुलींची टीम आहे माझी, त्यांना मी डावा हात वापरायला शिकवलाय. इथे मी कोण आहे? उंच इंडियन. सगळे विचारतात, उंची कुठून आली."

"माझ्या मामाकडून," सुनेत्राबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"पण इथे नसेन तर मी कोण, हेही मला कळत नाही. प्लेनमध्ये बसलो तेव्हा ठरलं होतं, सोडायचं. नेवर्कला उतरलो, ऑफिसरने पासपोर्टवर शिक्का मारला, म्हणाला वेलकम होम. तेव्हापासून काहीच ठरत नाही." मग त्याने विचारलं, "तुम्ही इंडियन सिटिझनशिप सोडलीत, तेव्हा आजोबांना विचारलं होतं?"

मनोहर म्हणाले, "विचारलं नव्हतं. कळवलं होतं."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं. आणि मग नागपुरात संत्री कशी निघाली ते सांगितलं."

गुरुवारी संध्याकाळच्या विमानाने ऋषी परत जायला निघाला. गाडी मनोहर चालवत होते, ऋषी शेजारी गुडघे दुमडून बसला होता, सुनेत्राबाई मागे. टर्नपाइकवर गाडी रेंगाळत असताना त्या बोलल्या. त्यांचे शब्द मनोहरांना जसे आठवतात तसे हे असे :

"सोमवारी तू काय करशील ते कर. जायचं तर जा, नाही तर नको जाऊस. पण मला सांगू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगायचं नाही. सोडलंस असं कळलं तर प्रत्येक फोनला मी रडेन. नाही सोडलंस आणि तिथून काढलं तर माझ्यासाठी अमेरिकन राहिलास असं मी समजेन, आणि तेही मला नकोय. प्रॉमिस कर."

"सुनेत्रा, हे काय भलतंच?" मनोहर म्हणाले.

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

ऋषीने प्रॉमिस केलं. ते पटलं म्हणून केलं की विषय संपवायला, हे मनोहरांना सांगता येत नाही. एअरपोर्टवर तो वाकून दोघांच्या पाया पडला. तो तसा कधी पडत नसे. याचाही अर्थ त्यांना लावता आला नाही.

सोमवार गेला. फोन आला नाही. रविवारी नेहमीसारखा आला. थंडी, मुलींच्या टीमचा पहिला विजय, बेकरीच्या गाडीची बॅटरी, असं बोलणं झालं. आवाज ठीक होता. त्यानंतरच्या रविवारीही ठीकच होता. सुनेत्राबाई फोनवर हसून बोलत आणि फोन ठेवला की काहीतरी धुवायला काढत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मनोहरांनी ऑफिसमधून फोन केला. "मला सांग. मी आईला सांगणार नाही."

"बाबा, तुम्हाला सांगितलं की आईला कळणार."

"कसं कळेल?"

"तुमच्या तोंडावर दिसतं. माझा रिझल्ट लागायचा तेव्हाही दिसायचं."

"प्रॉमिस तिला केलंयस. मला नाही."

 पलीकडून चेंडू आपटल्याचे आणि मुलींच्या ओरडण्याचे आवाज येत होते. मग ऋषी म्हणाला, "प्रॅक्टिस सुरू झाली. ठेवतो."

मनोहरांनी त्यानंतर श्रीराम यांना विचारलं, एम्बसीत सही केल्यावर ते किती दिवसांत पक्कं होतं. श्रीराम म्हणाले काही आठवडे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, काही महिने. तिसऱ्या दिवशी त्यांनी वकिलाचा नंबर दिला. मनोहरांनी तो फिरवला नाही. वकिलाला सांगायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

शनिवारी, १३ डिसेंबरला, दुपारचं जेवण झाल्यावर ते कॉम्प्युटरसमोर बसले. तिकडे सामना संपला होता. क्लबच्या पानावर निकाल आला. सप्टेंबरपासून पहिल्यांदाच, खेळलेल्यांमध्ये ऋषीचं नाव होतं. अकरा गुण.

त्यांनी श्रीराम यांना फोन लावला.

"खेळला?" श्रीराम ओरडले. "मग झालं की! स्थानिक झाला तो. म्हणजे सोडलं त्याने. अरे देवा."

"थांब. दोन अमेरिकन आहेत ना त्यांचे. त्यातला एकच खेळलेला दिसतोय."

"दुसरा कुठे गेला?"

"लिहिलेलं नाही."

"म्हणजे ऋषी अमेरिकन म्हणूनच खेळला असेल? त्याच्या जागी?"

"असेल."

"की क्लबने त्या दुसऱ्याला काढलं? ऋषी अमेरिकनच राहतोय म्हणून? की तो नुसता आजारी पडला?"

"मला माहीत नाही, श्रीराम."

मनोहरांनी फोन ठेवला. सुनेत्राबाई हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या. किती वेळ, ते मनोहरांना कळलं नाही. त्यांनी पटकन तोंड स्क्रीनकडे फिरवलं.

"जिंकले का?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"हरले. तीन गुणांनी."

दुसऱ्या अमेरिकन खेळाडूबद्दल क्लबच्या पानावर रविवार संध्याकाळपर्यंत काहीही आलेलं नव्हतं. त्या रविवारी ऋषीचा फोन आला. तो म्हणाला की गुडघा थोडा दुखतोय आणि ख्रिसमसला त्याला सुट्टी आहे की नाही हे अजून नक्की नाही.