नागूबाईंचा मूलबंध

माझ्या सासूबाई, नागूबाई, चार वर्षं मुरुमला गेल्या नव्हत्या. तिथं त्यांची थोरली बहीण दगडाबाई राहते. बारसं झालं, घरभरणी झाली, दोन्ही वेळा सासूबाईंनी ऐनवेळी गुडघ्याचं निमित्त काढलं. त्या दिवसभर मेंढरांमागं चालतात हे साऱ्या भावकीला ठाऊक, त्यामुळे कुणाला ते पटलं नाही. पुढं दगडाबाईंनीही आमच्याकडं येरमाळ्याला यायचं सोडलं. यंदा त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, नातवाच्या, म्हणजे मल्हारच्या, लग्नाला आली नाही तर बहिणीचं नातं संपलं.

खरं कारण मला एकटीला माहीत होतं, कारण घरातलं धुणं मी धुते. शिंकलं, खोकलं, खळखळून हसलं की सासूबाईंचं लुगडं ओलं व्हायचं. मुरुम म्हणजे एसटीचे चार तास. सासूबाईंची चार बाळंतपणं झाली, आणि दर वेळी पंधराव्या दिवशी त्यांच्या डोक्यावर पाण्याची घागर दिली गेली. ती कुणी दिली हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही, पण मला अजून राग येतो.

लग्नाला चार महिने होते. अंगणवाडीत राजेश्वरी मॅडम बायकांचा योगवर्ग घ्यायच्या, तिथं मी सासूबाईंना ओढतच नेलं. मॅडम म्हणायच्या, मूलबंध करा, श्वास सोडत तळाचे स्नायू वर ओढा, मग सैल सोडा. आम्ही पंधराजणी दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून पोट आत ओढायचो. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, म्हणून मॅडम "छान, छान" म्हणायच्या. मी बारावी सायन्स, मीही पोटच ओढत होते. तळ म्हणजे नेमकं कुठं, हे विचारायची सोय नव्हती. महिनाभरात सासूबाईंचा त्रास उलट वाढला.

एक दिवस सासूबाई वर्गात उठून उभ्या राहिल्या. "बाई, नीट सांगा की. मूत धरल्यावानी वडायचं का?"

सगळ्याजणी जमिनीकडं बघायला लागल्या. मॅडम आधी लाजल्या, मग हसल्या. व्हय, तसंच, म्हणाल्या. फक्त लघवीला बसल्यावर करायचं नाही, पोट आणि जबडा ढिला ठेवायचा, श्वास चालू ठेवायचा. आणि दर वेळी पूर्ण सैल सोडायचं, ते ओढण्याइतकंच महत्त्वाचं.

"म्हंजी मेंढरांच्या वाड्याचं फाटक," सासूबाई म्हणाल्या. "लावायचं, धा मेंढरं मोजायची, मग सताड उघडायचं."

त्या दिवसापासून अख्खा वर्ग मेंढरं मोजायला लागला. ज्यांच्या घरी कोंबडीही नाही, त्यासुद्धा. आमचे मामंजी बिरूमामा तर बुचकळ्यातच पडले. बायको ओट्यावर शांत बसून "सात, आठ" म्हणते आणि अंगणात एकही मेंढरू नाही. त्यांनी दोनदा वाडा बघून घेतला.

जादू काही झाली नाही. पण तिसऱ्या महिन्यात सासूबाई शिंकल्या आणि माझ्याकडं बघून त्यांनी मान डोलावली, कोरडं. मला इतका आनंद झाला की मी शिरा केला. लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही पिशवीत जादा लुगडं घेऊन एसटीत बसलो. तुळजापूरला एकदा उतरलो, तेवढंच.

मुरुमला दगडाबाईंनी पाणी दिलं, पण तोंड वळवून. हळद कांडायला पाचजणी बोलावल्या, मुसळ सख्ख्या बहिणीला सोडून बाकी सगळ्यांच्या हातात दिलं. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. मग त्या सरळ उखळाजवळ गेल्या.

"अक्का, म्या रुसले न्हवते. एसटीत मूत धरवत न्हवतं. तुझ्या दारात वल्ल्या लुगड्यानं कशी उतरू, म्हून आले न्हाय."

कांडण थांबलं. दगडाबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या, आणि हसता हसता मांड्या आवळून मटकन खाली बसल्या.

"नागे," त्या म्हणाल्या, "आन् म्या येरमाळ्याला कशापायी येत न्हवते, तुला काय वाटलं?"