झालंच समज

तिच्या नवऱ्याचं एक आवडतं वाक्य होतं, ‘झालंच समज.’ बेसिनचा गळका नळ, झालंच समज. जिन्यातला दिवा, झालंच समज. सासूबाईंचा मिक्सर तर कधीपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोट उघडं टाकून पडला होता, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं. माणूस हाताने हुशार, यात वाद नाही. विमानतळाच्या बीकनची देखभाल काही कोणा ऐऱ्यागैऱ्याकडे देत नाहीत. फक्त काम व्हायच्या आधीच ते झाल्याचं जाहीर करून टाकायची त्याला खोड होती.

बीकन म्हणजे विमानांना दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र. ढगात बाहेरचं काही दिसेनासं झालं, की विमानातली सुई त्याच्याकडे बोट दाखवते आणि वैमानिक त्या बोटामागून खाली येतो. शिवाय ते सतत टिक-टिकच्या भाषेत आपलं नाव सांगत असतं, म्हणजे भलत्याच बीकनला कोणी आपलं समजू नये; नाव ऐकू आलं नाही तर सुईवर विसंबायचं नाही, असा नियम.

त्या दिवशी ते दुरुस्तीसाठी बंद असल्याची सूचना वैमानिकांना आली होती, आणि पार्सलं नेणाऱ्या विमान कंपनीतली तिची कॅप्टनपदाची परीक्षा नेमकी त्याच दिवशी होती. दुसऱ्यांदा. परीक्षक तेच, ज्यांना सगळी कंपनी पाठीमागे ‘भोपळे सर’ म्हणायची, कारण त्यांचा हात भोपळा देण्यापुरताच सैल होता. मागच्या वेळी त्यांनी तिला एकच गोष्ट सुनावली होती. “दर निर्णयाला तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. उद्या मी शेजारी नसेन तेव्हा काय खिडकीकडे बघणार?” तिसरी संधी कंपनी देत नसे. आज भोपळा मिळाला तर जन्मभर सहवैमानिक.

“बीकनची काळजी करू नकोस,” चहा ओतताना नवरा म्हणाला. “तू परत येईपर्यंत झालंच समज.”

तिने मान डोलावली आणि विमानतळावर जाऊन डोंगरापलीकडच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल एवढं जास्तीचं इंधन भरून घेतलं. सरांनी इंधनाच्या काट्याकडे पाहून विचारलं, “एवढं? बिऱ्हाड हलवताय का?”

“बीकन बंद आहे, सर.”

“हं,” सर म्हणाले. त्यांच्या ‘हं’वरून काही कळलं असतं तर अर्धी कंपनी पहिल्याच फटक्यात पास झाली असती.

जातानाचा प्रवास झकास झाला. पार्सलं उतरवली, रिकामं विमान घेऊन ती परत फिरली आणि घराजवळ येते तो खाली ढगांची गोधडी. विमान जुनं होतं. त्यातलं उपग्रहाचं यंत्र वाटेपुरतं ठीक, पण ढगातून उतरायला त्याचा आधार घ्यायची परवानगी नव्हती. बीकन नसेल तर डोंगरापलीकडे जायचं, हे तिने सकाळीच ठरवलं होतं. ती वळणार, एवढ्यात मेलेली सुई हलली, फिरली आणि एका दिशेला बोट दाखवून गप्प उभी राहिली.

“सुई आली वाटतं,” सर म्हणाले.

खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. म्हणजे या खेपेला झालंच होतं तर! आपल्याच नवऱ्याने दुरुस्त केलेल्या बीकनवर विश्वास ठेवायचा नाही, तर काय शेजारणीच्या नवऱ्याच्या? खाली उतरायचं, परीक्षा संपवायची, घरी जाऊन पाय पसरायचे. तिची मान सरांच्या तोंडाकडे वळायला निघालीच होती. तिने ती जागच्या जागी धरली आणि बीकनचं नाव ऐकायला कानातला आवाज वाढवला.

नुसती खरखर. टिक नाही की टिकटिक नाही.

तिने टॉवरला विचारलं. “आमच्याकडे बंदच आहे,” टॉवरवरची बाई म्हणाली. “चालू झाल्याचं कोणी कळवलेलं नाही. तुमच्या घरचेच तिकडे काम करताहेत, मॅडम. विचारू का त्यांना?”

“नको,” ती म्हणाली. उत्तर तिला पाठ होतं. “सुई काहीही दाखवू दे, बीकन बंद आहे असं धरून मी डोंगरापलीकडे जाते आहे.”

तिथे आभाळ निरभ्र होतं. विमान अलगद टेकलं. सर उतरले, कपडे झटकले, आणि म्हणाले, “आज माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत.”

“नाही, सर.”

“बघितलं असतंत तरी तिथे काही सापडलं नसतं. अभिनंदन, कॅप्टन. चहा तुमच्याकडून.”

टॅक्सीने डोंगर ओलांडून ती घरी पोचली तेव्हा नवरा मिक्सरपुढे बसला होता. तोंड फुगलेलं.

“पास झाले,” ती म्हणाली.

“छान,” तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटलंही, पण मनातलं बाहेर आलंच. “वरून वळून गेलीस म्हणे. सुई दिसत नव्हती?”

“दिसत होती. स्थिर होती अगदी.”

“मग? सगळं जग माझ्यावर विश्वास ठेवतं, आणि घरची बायको...”

“नाव ऐकू आलं नाही रे.”

“ते मीच काढलं होतं. काम चालू असताना काढतातच. मी तेव्हा मुद्दाम दिशा वाकडी करून बघत होतो, चूक झाली की गजर वाजतो का ते. सुई तेव्हा दाखवत असणार...” त्याने हवेत बोट धरलं, विमानतळाची बाजू कुठली ते आठवलं, मग बोट थोडं सरकवलं. ते डोंगराकडे होतं. बोट खाली यायला वेळ लागला.

ती त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याने तिचा हात धरला तो घट्ट.

“इतकी वर्षं मी ते नाव काढतो आणि परत लावतो,” तो म्हणाला. “वर कोणी ऐकत असेल असं कधी वाटलंच नाही.”

“मी ऐकते,” ती म्हणाली.

तेवढ्यात आतून सासूबाईंनी विचारलं, “काय रे, मिक्सर झाला का?”

त्याने टेबलावरच्या पसाऱ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं.

“नाही, आई,” तो म्हणाला. “अजून झालेला नाही.”